संत्र्याची साल टाकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडचं पीक, बाजारात उतरला की घरोघरी सालींचा ढीग पडतो आणि थेट कचऱ्यात जातो. मला याची खरोखर हळहळ वाटते.

संत्र्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण अडीच ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, असतात. तेवढ्याच वजनाच्या सालीत दहा ग्रॅमहून जास्त. ‘क’ जीवनसत्त्वही सालीत गराच्या दुपटीहून अधिक. साल चिमटीत दुमडून पाहा. केशरी बाजूने बारीक फवारा उडतो, ते सुगंधी तेल. आतला पांढरा, मऊ थर म्हणजे पेक्टिन या तंतूचा साठा. जॅम घट्ट करायला कारखाने वापरतात ते पेक्टिन बहुतेक लिंबू-संत्र्यांच्या सालींतूनच काढलेलं असतं.

हे पेक्टिन पोटात पाणी धरून दाटसर होतं, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. ते पित्तातली आम्लंही धरून शौचावाटे बाहेर नेतं. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. उरलेल्या पेक्टिनवर मोठ्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू पोसले जातात.

पांढऱ्या थरातच हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट असतं. प्रयोगशाळेत ते छान काम करतं, पण खाल्ल्यावर अंगात शोषलं जातं ते थोडंच. तेव्हा सालीने कॅन्सर बरा होतो असे मेसेज आले, तर कृपा करून पुढे पाठवू नका. तंतूंसाठी मात्र साल खुशाल खा.

लिंबाच्या लोणच्यात आपण ती खातोच. फक्त मीठ फार, म्हणून रक्तदाबवाल्यांनी बेतानेच. संत्र्याच्या सालीचे बारीक काप दोनदा उकळून पाणी ओतून द्या, कडवटपणा उतरतो. ‘क’ जीवनसत्त्व बरंचसं पाण्याबरोबर जातं, तंतू बरेचसे राहतात. कर्नाटकात ही साल चिंच-गुळात शिजवून गोज्जू करतात. गरम भातावर फार सुरेख लागतो.

साल खायची तर फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मेण लावलेली चकचकीत फळं यासाठी नकोत. सवय नसेल तर सुरुवात चमचाभरानेच करा, नाहीतर पोट फुगेल. आणि साल नकोच वाटली, तर निदान फोडींवरचे पांढरे दोरे तरी सोलून काढू नका. मुलांनाही तशीच फोड द्या.