किलव्हनिदची धूळ

मागे ऐकू येतंय ना? बरं. तर आज एका कोळशाच्या खाणीतल्या स्फोटाची गोष्ट, गावाचं नाव किलव्हनिद. वेल्श स्पेलिंग बघितलं की आपली बोबडीच वळते, मीही कित्येक वर्षं हे नाव चुकीचंच म्हणत होतो. ब्रिटनच्या साउथ वेल्समध्ये पाँटिप्रीदच्या शेजारी हे गाव, आणि तिथली खाण म्हणजे अल्बियन कॉलियरी. तिथे निघायचा तो स्टीम कोल, धूर कमी आणि आच जबरदस्त, त्यामुळे आगबोटवाल्यांचा त्याच्यावर भारी जीव. वेल्सचा हा कोळसा जहाजांत भरून एडनला यायचा, पार आपल्या मुंबई बंदरापर्यंत यायचा.

२३ जून १८९४, शनिवार. शनिवारी रात्रपाळी दुपारीच आत उतरायची, म्हणजे नावाची रात्रपाळी. काम काय तर बोगद्यांची डागडुजी करायची आणि साचलेली कोळशाची धूळ साफ करायची. हे डोक्यात ठेवा, ही माणसं धूळ काढायलाच गेली होती. चारला दहा कमी असताना स्फोट झाला. २९० जण गेले, त्यात कोवळी पोरंसुद्धा. खाली १२५ घोडे होते, त्यातले फक्त २ वाचले. वर आणलेली प्रेतं अशा अवस्थेत होती की काही चुकीच्याच घरी पोचवली गेली, आणि ११ जणांची ओळख तर शेवटपर्यंत पटलीच नाही.

आता खाणीत स्फोट म्हटलं की आपण म्हणतो, गॅस. मिथेन. बरोबर आहे, सुरुवात बहुतेक वेळा तोच करतो. पण गॅस पेटतो तो एका कोपऱ्यात, मग मैलभर लांब काम करणारा माणूस कसा मरतो? घरी एक करून बघा, म्हणजे खरं तर करू नका, कणकेचा गोळा मेणबत्तीवर धरला तर फार तर करपेल, पण तेच कोरडं पीठ ज्योतीवर उधळलं तर भक्कन जाळ होतो कारण कणाकणाला हवा लागते. कोळशाच्या धुळीचंही तसंच. गॅसचा छोटा भडका उडाला की त्याचा धक्का पुढे पळतो, बोगद्यातली धूळ उडवतो, मागून जाळ येऊन ती पकडतो, पुन्हा धक्का, पुन्हा धूळ, असं करत करत अख्खी खाण पेटते. जे जाळातून वाचतात त्यांना मागे उरलेला कार्बन मोनॉक्साइड गाठतो.

बरं हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही! विल्यम गॅलोवे हा खाणींचा इंजिनिअर साउथ वेल्समध्येच १८७० च्या दशकापासून धूळ धूळ म्हणून ओरडत होता, १८९१ पासून याच विषयावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोगही बसला होता. आणि अल्बियनमध्ये काय चाललं होतं? छताचे जुने लाकडी टेकू काढायला सुरुंग लावत होते. टेकू काढायला, कोळसा फोडायला पण नाही! आणि तेही खाली माणसं काम करत असताना. आग नेमकी कुठून लागली यावर मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीचं एकमत झालं नाही, पण मुख्य संशय या सुरुंगांवरच होता. खटला चालला, मॅनेजरला १० पौंड दंड, सुरुंगाचं काम बघणाऱ्याला २ पौंड.

त्याच दिवशी, २३ जूनलाच, राजघराण्यात मुलगा जन्मला, पुढचा आठवा एडवर्ड. पार्लमेंटमध्ये अभिनंदनाचा ठराव आला. केअर हार्डी म्हणून खासदार होता, लहानपणी स्वतः स्कॉटलंडच्या खाणीत राबलेला, त्याचं म्हणणं एवढंच की किलव्हनिदच्या घरांसाठी सहानुभूतीचे दोन शब्द यात घाला. ते काही झालं नाही. मग २८ जूनला तो उठला आणि राजघराण्यावर असा बरसला की सभागृहात नुसता गोंधळ. तेव्हा तो लंडनकडच्या वेस्ट हॅमचा खासदार होता, पुढच्याच निवडणुकीत तिथे पडला. (१९०७ ला भारतात येऊन गेला तो हाच हार्डी.) १९०० साली त्याला परत पार्लमेंटमध्ये पाठवलं ते मर्थर टिडव्हिलने, किलव्हनिदपासून दहाएक मैलांवरच्या गावाने, आणि १९१५ ला मरेपर्यंत तो तिथलाच खासदार राहिला.