विंटरफेलची रात्र आणि आपला टीव्ही

नमस्कार श्रोतेहो.

२९ एप्रिल २०१९, सोमवार. मुंबई, ठाणे, नाशिकपासून मावळ-शिरूरपर्यंत त्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. मतदान केंद्रं उघडायच्या आधीच, सकाळी साडेसहाला, हॉटस्टारवर 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी कल्पनारम्य मालिकेच्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग लागला, 'द लाँग नाइट'. अमेरिकेत तेव्हा रविवारचे रात्रीचे नऊ वाजले होते. ८२ मिनिटांचा भाग आणि अथपासून इतिपर्यंत एकच लढाई: विंटरफेल किल्ल्याच्या तटाबाहेर मृतांची फौज, आत जिवंत माणसं.

भाग संपायच्या आतच जगभरच्या चाहत्यांनी बोलायला सुरुवात केली. पहिली तक्रार, काही दिसलंच नाही. दुसरी, लढाईची आखणी चुकीची होती. तिसरी, मृतांच्या राजाला, म्हणजे नाइट किंगला, विंटरफेलच्या घराण्यातल्या आर्यानं का मारावं, नायक जॉन स्नोनं का नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली सोडवली की दुसरीला धार येते आणि तिसरीचं बरंचसं उत्तर पडद्यावरच सापडतं. म्हणून आधी काळोखाचं पाहू.

दिग्दर्शक मिगेल सापोचनिक आणि छायाचित्रकार फाबियान वॅग्नर यांनी ही लढाई उत्तर आयर्लंडमध्ये ५५ रात्री चित्रित केली. उजेडाची साधनं म्हणजे आग, मशाली आणि चंद्रप्रकाशासारखा निळसर झोत. लढणाऱ्यांना काही दिसत नाही, तर प्रेक्षकालाही दिसू नये, हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. तो चूक नव्हता. अडचण आली ती चित्र आपल्या घरापर्यंत पोचताना.

इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. साध्या ८ बिटच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या वापरात असतात, आणि त्यांतल्या गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच येतात. धुक्याची हळूहळू फिकी होत जाणारी छटा तेवढ्यात बसवायची, तर पट्टे उमटणारच. शिवाय काळोखात डोळ्याला फरक कमी कळतो, म्हणून दाबणारी यंत्रणा डेटाची काटकसर तिथेच करते. हिमवादळ तर तिला सर्वांत जड जातं, कारण प्रत्येक कण प्रत्येक चौकटीत नव्या जागी असतो. काळोख, धूर, बर्फ आणि हजारो धावणारी माणसं एकदम आली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. एचडी स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण ५ ते ८ मेगाबिट मिळतात, ब्लू-रे डिस्कला ४० पर्यंत. पुढे हे पर्व डिस्कवर आलं तेव्हा तीच दृश्यं कितीतरी स्पष्ट दिसली, ती यामुळे.

आता घरातल्या टीव्हीकडे वळू. पहिलं काम खोलीचं. एप्रिलअखेर सकाळी साडेसहाला आपल्याकडे चांगलं उजाडलेलं असतं, आणि पडद्यावर पडणारा तो उजेड काळ्याला राखाडी करतो. पडदे ओढा. समोरचा दिवा बंद करा. हवाच असेल तर टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा, डोळ्यांना ताण येत नाही.

मग पिक्चर मोड. दुकानातून आणलेला टीव्ही बहुधा 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड'वर असतो. तो 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर'वर न्या. वीज वाचवणारा 'इको' मोड आणि खोलीतला उजेड पाहून प्रकाश बदलणारा सेन्सर, दोन्ही बंद. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'ही बंद, कारण काळोखी दृश्य आलं की तो ते आणखी काळं करतो. शार्पनेस खाली आणा, तो चौकोनांच्या कडा उठून दाखवतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही काढा.

सर्वांत महत्त्वाचा आकडा 'ब्राइटनेस'चा, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी, पडद्याचा एकूण उजेड नव्हे. उजेडासाठी 'बॅकलाइट' वेगळा असतो. काही कंपन्या ही नावं उलटी वापरतात, म्हणून फिरवून नीट बघा: काळा भागच तेवढा राखाडी होतो का, की सगळंच चित्र उजळतं? काळ्याची पातळी लावायला वरखाली काळे पट्टे असलेला कोणताही रुंद चित्रपट लावा. खोलीत अंधार करा. ब्राइटनेस वाढवत न्या, पट्टे राखाडी दिसू लागतील. मग एकेक पायरी खाली या आणि पट्टे पूर्ण काळे झाले त्या क्षणी थांबा. त्याच्याही खाली गेलात तर सैनिकांचे काळे अंगरखे आणि मागची रात्र यांचा एकच गोळा होतो. आणि पातळी बरोबर लावल्यावरही अंधुक वाटलं, तर बॅकलाइट वाढवा, ब्राइटनेसला पुन्हा हात लावू नका.

सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआयनं जोडला असेल तर आणखी एक तपासा. एका उपकरणाची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, 'फुल' आणि दुसऱ्याची 'लिमिटेड' असली, तर सावल्या गिळल्या जातात किंवा सगळं चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं. दोन्हीकडे एकच ठेवा. मोबाइलवर पाहत असाल तर ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि ॲपमध्ये चित्राचा दर्जा 'ऑटो'वर न सोडता सर्वांत वरचा निवडा.

एवढं करून तोच भाग पुन्हा लावा. विंटरफेलच्या बाजूनं लढणाऱ्या डेनेरिस राणीच्या दोथराकी घोडेस्वारांची चाल बघा. जादू जाणणारी मेलिसांद्रे येते, त्यांची वाकडी पाती पेट घेतात आणि हजारो ज्वाळा अंधारात दौडत जातात. कॅमेरा तटाजवळच्या माणसांसोबत मागेच राहतो. दूरवर ज्वाळांची ओळ काळोखाला भिडते आणि टिंबं एकेक करून विझत जातात. कुणी पडताना दिसत नाही. तो काळोख अस्सल काळा दिसला, तरच या दृश्याचा थरकाप पोचतो. संपूर्ण मालिकेतल्या युद्धदृश्यांत इतकं कमी दाखवून इतकं सांगणारं दुसरं नाही, असं ठामपणे म्हणता येईल.

पण चित्र स्वच्छ झालं की चुकाही स्वच्छ दिसतात. घोडदळाचा हल्ला मारतो त्यापेक्षा जास्त घाबरवतो. समोरची फळी भेदरून फुटली की त्याचं काम झालं. मृतांना भीती ठाऊकच नाही. मग न दिसणाऱ्या शत्रूवर अख्खं घोडदळ सोडून मिळवायचं काय होतं? दगड फेकणारी यंत्रं पायदळाच्याही पुढे उघड्यावर मांडलेली, त्यामुळे चार फेकी झाल्या आणि ती गप्प झाली. खंदकाची चूक त्याहून मोठी. परांड्याचा भुईकोट पाहिलेल्याला ती लगेच कळेल: खंदक तटाबाहेर, पाणी त्यात, सैन्य आत. शत्रू खंदकाशी अडला की वरून मारा करायचा. विंटरफेलला अनसलीड, म्हणजे डेनेरिसचं पायदळ, खंदकाच्या पलीकडे उभे होते. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा तो खंदक त्यांच्याच पाठीशी आला. त्यांचा सेनापती ग्रे वर्म याला वाट तोडून आपली माणसं बाहेर सोडावी लागली. आणि खंदक पेटवायची मदार कशावर? तटावरच्या दावोस या सरदारानं मशाली हलवायच्या आणि वर डेनेरिसनं त्या पाहून ड्रॅगनला आग ओकायला लावायची. वादळात तिला मशाल दिसलीच नाही. खालून पेटवायची पर्यायी सोय कामी आली नाही, शेवटी मेलिसांद्रेलाच ती आग लावावी लागली. मेलेल्यांना उठवणाऱ्या शत्रूपासून वाचवण्यासाठी बायकामुलांना मढ्यांच्या तळघरात ठेवणं, यावर तर चाहत्यांनी भाग येण्याआधीच बोट ठेवलं होतं.

यावर एक बचाव होतो, की ठरलेली योजना मोडली म्हणूनच हे घडलं. तो अर्धा खरा आहे. नाइट किंग पुढे येईपर्यंत ड्रॅगन राखून ठेवायचे होते, पण दोथराकी विझताना पाहून डेनेरिस आधीच झेपावली. हे तिच्या स्वभावाला धरूनच झालं. मात्र खंदक आणि यंत्रांची मांडणी लढाईच्या आधीच ठरलेली होती, तिचा दोष तिच्यावर जात नाही.

राहिली आर्या. शेवटच्या क्षणी नाइट किंग तिचा गळा धरतो. डाव्या हातातला खंजीर ती खाली सोडते आणि उजव्या हातात झेलून त्याला भोसकते. हे अचानक आलेलं नाही. सातव्या पर्वाच्या चौथ्या भागात ब्रिएन या योद्धा स्त्रीशी सराव करताना तिनं हाच हातबदल केला होता, आणि खंजीरही तोच: लिटलफिंगर या कारस्थानी सरदारानं तिचा भाऊ ब्रॅन याला दिलेला, ब्रॅननं तिच्या हाती ठेवलेला. काळोखात हा हातबदल कित्येकांच्या नजरेतून निसटला, म्हणून शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटला. नाइट किंग होता त्या झाडापर्यंत ती एवढ्या मृतांच्या गर्दीतून पोचली कशी, हे मात्र दाखवायला हवं होतं. एका पांढऱ्या वॉकरच्या, म्हणजे नाइट किंगच्या साथीदाराच्या, केसांतून वाऱ्याची झुळूक जाते, एवढीच खूण दिली आहे. ती पाहायची असेल तर वर सांगितलेली काळ्याची पातळी नीट लावूनच त्या क्षणाकडे या, आणि त्याआधीची काही मिनिटं संगीतकार रामिन जवादी यांच्या पियानोसाठी हेडफोन लावा. नमस्कार.