डाव्या हातातला फ्लॅश

[दृश्य : आंबोली, जुलै, रात्र. हेडटॉर्चच्या उजेडात ओलं पान, पानावर बेडूक.]

सावंतवाडीहून घाट चढून आलं की साधारण ७०० मीटर उंचीवर आंबोली लागते. पावसाळ्यात दिवसा धुकं आणि रात्री बेडकांचा कल्लोळ. कॅमेरे गळ्यात घालून येणाऱ्यांची या दिवसांत इथं रीघ असते. कुणाला हरणटोळ साप हवा असतो, कुणाला चापडा साप, कुणाला पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करणारा मलबारी उडता बेडूक. अंधारात फोटो काढायचा म्हणजे फ्लॅश आलाच, आणि बहुतेकांची निराशा तिथंच सुरू होते.

[दृश्य : कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशने काढलेला फोटो, पूर्ण पडदाभर.]

हा फोटो नीट बघा. बेडकाची ओली त्वचा जागोजागी पांढरी फटक झाली आहे. अंगाला गोलाई म्हणून नाही. पासपोर्टच्या फोटोसारखं सगळं सपाट. खालच्या बाजूला ही काळी कमान दिसते, ती लेन्सच्या नळीची सावली. लेन्स विषयाच्या इतकी जवळ गेली की डोक्यावरच्या फ्लॅशचा झोत अर्धा वरूनच निघून जातो. आणि हे पांढरे गोळे? ते पावसाचे थेंब. लेन्सच्या पुढ्यात पडणाऱ्या थेंबावर फ्लॅशचा उजेड समोरून आदळतो आणि सरळ लेन्समध्ये परत येतो.

यातल्या एकाही दोषाला कॅमेरा जबाबदार नाही, लेन्सही नाही. फ्लॅश चुकीच्या जागी आहे, एवढंच. तरीही पैसे साठवले जातात ते नव्या लेन्ससाठी. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण फ्लॅशची जागा बदलायला लागणारी वस्तू हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते.

[दृश्य : टेबलावर टीटीएल कॉर्ड, जवळून. हात ती ताणून दाखवतो.]

ही टीटीएल कॉर्ड. टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवणं. जुन्या टेलिफोनला असायची तशी गुंडाळीची वायर. एक टोक कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकवायचं, दुसऱ्या टोकाच्या शूवर फ्लॅश बसवायचा. खालच्या बाजूला पितळी ठिपके दिसतात. मधला मोठा ठिपका फ्लॅशला ‘पेट’ म्हणून सांगतो, आजूबाजूचे छोटे कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यातलं बाकीचं बोलणं वाहून नेतात. वायरीतून हे सगळं जसंच्या तसं जात असल्यामुळे फ्लॅशच्या लेखी तो अजून कॅमेऱ्यावरच बसलेला असतो. मॅन्युअल, म्हणजे ताकद आपण ठरवणं, चालतं, टीटीएल चालतं, फ्लॅशमध्ये सोय असेल तर हाय स्पीड सिंक, म्हणजे फार वेगवान शटरबरोबर फ्लॅश वापरणं, तेसुद्धा चालतं.

बिनतारी फ्लॅश पेटवणारे रेडिओ ट्रिगरही मिळतात, ते वाईट नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये दोन-तीन फ्लॅश लावायचे तर तेच हवेत. पण इथं विषय वीतभर अंतरावर आहे. ट्रिगरला वेगळ्या बॅटऱ्या, वेगळी जोडणी, आणि मुसळधार पावसात भिजणारी आणखी एक वस्तू. कॉर्डला बॅटरीच नाही.

[दृश्य : फोटोग्राफर पाठमोरा. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात फ्लॅश.]

उजवा हात कॅमेऱ्यावर, डाव्या हातात फ्लॅश. बेडकाच्या वर, किंचित मागे, घड्याळात दहा वाजतात त्या बाजूला. आता उजेड तिरका येतो. भुवईसारख्या कडेखाली सावली पडते, पाठीवरचे दाणे उठून दिसतात, आणि पडणारे थेंबही बरेचसे नाहीसे होतात, कारण त्यांच्यावरून परतणारा उजेड आता लेन्सच्या रोखाने येत नाही.

चकाकी मात्र अजून आहे. ओल्या त्वचेवर लहान दिव्याचं लहान, झगझगीत प्रतिबिंब पडतं. दिवा मोठा केला की तेच प्रतिबिंब पसरतं आणि मवाळ होतं. त्यासाठी टीव्हीच्या खोक्यातून येणारी पांढरी फोमची शीट घ्या. चिप्सचं पाकीट उलटं करून त्याच्या चंदेरी बाजूची नळी करा, ती फ्लॅशच्या तोंडाला रबराने बांधा आणि पुढे फोम लावा. बटर पेपर इथल्या पावसात थोड्याच वेळात लगदा होतो, त्याच्या नादी लागू नका. हा पडदा चौकटीत येणार नाही इतपत जवळ न्या. बेडकाच्या आकाराच्या मानाने तो जितका मोठा, तितका उजेड मऊ.

जवळ नेण्याचा दुसरा फायदा ताकदीचा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. म्हणून फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर ठेवला तरी पुरतो; बॅटरी टिकते, दोन फोटोंच्या मध्ये थांबावं लागत नाही. आणि कमी ताकदीवर झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात विझतो, त्यामुळे हात थोडा हलला तरी फोटो हलत नाही. सुरुवातीला शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ २०० ठेवा. उजेड कमी-जास्त वाटला तर फक्त फ्लॅशची ताकद बदला.

मागचं सगळं काळंकुट्ट का येतं, हे बरेच जण विचारतात. फ्लॅश बेडकापासून १० सेंटिमीटरवर आणि मागचं झुडूप फ्लॅशपासून एक मीटरवर असेल, तर झुडपाला मिळणारा उजेड शंभरावा हिस्सा. काळं नको असेल तर असा कोन शोधा की बेडकाच्या लगेच मागे एखादं पान येईल. बेडूक उचलून पानापाशी नेऊ नका.

[दृश्य : सडा. जांभ्या दगडावर साचलेलं उथळ पाणी.]

हे सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळपठारावर, तर फारच जपायला हवं. इथल्या जांभ्याच्या उथळ डबक्यांत आंबोलीचा भेक (टोड) अंडी घालतो. २००९ साली त्याला झँथोफ्रायनी टायगेरिना हे शास्त्रीय नाव मिळालं. अंडी बोटभर पाण्यात असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. हातात धरलेल्या फ्लॅशला स्टँड लागत नाही, सड्यावर काही टेकवावं लागत नाही. कॉर्डचा हा गुण मला तिच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो. चार फोटो घ्या आणि प्राण्याला सोडा. जोडी जमली असेल तर तेवढेही नकोत.

[दृश्य : दुकानाचं काउंटर, वेगवेगळ्या कॉर्ड.]

आता खरेदी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे. कॅननची ओसी-ई३ किंवा निकॉनची एससी-२८ घ्यायची तर काही हजार पडतात. दुसऱ्या बनावटीची फार स्वस्त मिळते आणि या कामाला पुरते. मात्र आपल्याच कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेली घ्या. प्रत्येक कंपनीच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते.

एक गोष्ट दुकानात जाण्याआधी तपासा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांच्या शूमध्ये मधला मोठा ठिपकाच नाही. फक्त त्याच ठिपक्यावर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश यांच्यावर पेटत नाही, कॉर्ड कितीही चांगली असो. कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅश लागतो, आणि तोही आपल्या कॅमेऱ्यावर कॉर्डसकट लावून बघा, मगच पैसे द्या. पहिला डीएसएलआर म्हणून हेच कॅमेरे घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून इतकं लांबण लावून सांगतो आहे.

जुन्या बाजारातला फिल्मच्या काळचा फ्लॅश स्वस्त मिळतो. त्यातल्या काहींच्या, कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायाशी २०० व्होल्टच्या वर विजेचा दाब असतो, त्याने आजचा कॅमेरा जळू शकतो. फ्लॅश चालू करून पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मल्टिमीटरने मधला ठिपका आणि पायाची कड यांच्यातला दाब मोजा. तो कॅमेऱ्याला सोसेल त्याच्या आत असेल तरच फ्लॅश लावा.

[दृश्य : परतल्यावर सामान पुसणं.]

खोलीवर आल्यावर कॉर्ड सुटी करा, पुसा, पंख्याखाली ठेवा. ठिपके काळवंडले तर शाळेतल्या खोडरबराने हलके घासा. फ्लॅशमध्ये पाणी शिरल्याची शंका असेल तर तो चालू करू नका आणि स्वतः उघडूही नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटऱ्या काढल्यावरही तो काही काळ राहतो.

पावसाळा सरला की हीच कॉर्ड घरात लागते. सोल्डरिंग येत असेल तर ती लांब करायला मध्ये कापून लॅन केबल जोडता येते; तिच्यात आठ तारा असतात, त्या पुरतात. जुन्या धोतराचा पडदा करा, त्याच्यामागे भावाच्या हातात फ्लॅश द्या आणि खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो घ्या. लांबलेली केबल तेवढी जमिनीला चिकटपट्टीने बसवा. घरात मुलं पळत असतात, आणि केबलीच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा असतो.