एच-३ वरचे प्यादे

श्रोतेहो, नमस्कार. जळगावात शालेय मुलांच्या एका स्पर्धेत पाहिलेल्या डावाविषयी आज बोलणार आहे. घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो समोर घेऊन बसावे, म्हणजे बोलणे नीट ध्यानात येईल. घराच्या नावातले अक्षर उभ्या पट्टीचे, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आणि आकडा पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या आडव्या ओळीचा. पांढरी मोहरी अमळनेरकडच्या बारा वर्षांच्या मुलीकडे होती आणि काळी भुसावळच्या अकरा वर्षांच्या मुलाकडे. सुरुवातीच्या चाली दोघांनीही पाठ केलेल्या होत्या, त्यावर वेळ घालवत नाही.

पन्नास चालींनंतर पटावर एवढेच उरले होते: पांढऱ्याचा राजा एफ-३ वर, उंट डी-३ वर, प्यादी जी-४ आणि एच-३ वर, काळ्याचा राजा जी-७ वर आणि घोडा एफ-६ वर. उंट आणि दोन जोडीची प्यादी असताना समोर एकटा घोडा, म्हणजे पांढऱ्याचा विजय दिसत होता. राजा एफ-४ वर पुढे नेला असता तर पुढचे काम धीराचे होते, पण कठीण नव्हते. मुलीने मात्र एच-३ वरचे प्यादे एकच घर पुढे, एच-४ वर सरकवले, आणि मुलाने फारसा विचार न करता घोड्याने जी-४ वरचे प्यादे मारले.

फुकट घोडा दिला, असे पाहणाऱ्यांना वाटले. पण प्यादे एच-३ वरच असते तर त्यानेच घोडा मारला असता आणि ते जी पट्टीवर येऊन वजीर होण्याच्या वाटेला लागले असते. आता घोडा राजाने मारावा लागला आणि उरले ते एच पट्टीवरचे, अगदी कडेचे प्यादे. ते वजीर होण्याचे घर एच-८, आणि ते काळे आहे. डी-३ वरचा उंट मात्र पांढऱ्या घरांतून फिरणारा, त्यामुळे तो त्या घरावर कधीच नजर ठेवू शकत नाही. काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. मुलीने राजा जी-६ वर आणि उंट सी-४ वर आणला, तेव्हा काळ्याला शह नव्हता आणि चालायला घरही नव्हते. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला.

मुलीचे वडील हळहळले, ‘हातमा येल डाव गया ना भाऊ!’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, परंतु दोष कडेच्या प्याद्याच्या त्या एका पावलाचा होता, हे त्यांना पटायला वेळ लागला. मोहरी थोडी उरली की कोणते मोहरे पटावर राहते, यावर सारे ठरते. सिंगापुरात १२ डिसेंबर २०२४ रोजी जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात बरोबरी समोर दिसत असताना तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने हत्तींची अदलाबदल होऊ दिली; भारताच्या गुकेशने मग उंटांचीही अदलाबदल घडवली आणि प्याद्यांच्या जोरावर अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. तिथे बरोबरीचा डाव हातचा गेला, इथे जिंकणारा डाव बरोबरीत आला. कारण मात्र एकाच जातीचे.

स्पर्धेनंतर मी मुलाला विचारले, घोडा का दिलास? त्याने बोट एच-८ वर टेकवले आणि म्हणाला, ‘हे घर काळं आहे ना.’ मुलगी थोडा वेळ पटाकडे पाहत राहिली. मग तिने उंट उचलला, शेजारच्या काळ्या घरात ठेवला आणि म्हणाली, ‘सर, आता परत मांडू.’