गवताला तोंडही लागतं आणि विसावाही

श्रोतेहो, नमस्कार. कुरण राखायचं म्हटलं की आधी कुंपण आठवतं. गुरं बाहेर काढली की गवत आपोआप सुधारेल, असं वाटतं. काही वर्षं राखलेल्या अशा कुरणात एखादा ठोंब हातानं उकलून पाहा. वर करड्या, वाळक्या काड्यांचा भारा असतो आणि आत बुंध्याशी, उजेड न मिळालेले पिवळट फुटवे.

गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. म्हणून शेंडा खुडला तरी ते पुन्हा फुटतं, आणि खुडल्यामुळे बुंध्याला ऊनही मिळतं.

ब्रिटनमधल्या ‘लार्ज ब्लू’ या निळ्या फुलपाखराची गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याची अळी एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात वाढते. त्या मुंग्यांना उन्हानं तापलेली जमीन लागते. चराई कमी झाली, रोगाच्या साथीत ससेही मेले, गवत वाढलं आणि जमिनीवर सावली आली. नुसती सावली! तेवढ्यानं मुंग्या हटल्या आणि १९७९ साली फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. कारण उमगल्यावर तिथल्या गवताळ उतारांवर पुन्हा गुरं चारली, स्वीडनमधून फुलपाखरं आणून सोडली, आणि ती तिथं रुजली.

आपल्याकडे भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली चराईबंदी झाली. त्यावरून झालेल्या संघर्षात माणसांचे जीव गेले. आणि म्हशी थांबल्यावर पाणथळीत गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना.

याचा अर्थ गुरं मोकाट सोडावीत असा मुळीच नाही. खुडलेलं गवत बुंध्यातला अन्नसाठा मोडून नवं पान काढतं. गुरांना तेच कोवळं पान आवडतं, म्हणून ती त्याच जागी परत येतात. साठा भरण्याआधी दुसरा घास बसला की मुळं आखडतात, आणि पुढे जमीन उघडी पडते. गुरं किती, याइतकंच ती एका जागी किती दिवस राहिली, हेही महत्त्वाचं आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं, याचा मला मनापासून आनंद आहे. कारण हे दिवस मोजायचं काम पशुपालकच करतात. जाणता गुराखी कळप वेळेवर पुढे हलवतो. परत कधी यायचं हे तो वाकून, खुडलेल्या ठोंबाला पुरती पानं आली का ते पाहून ठरवतो.