लुईसच्या माळावरचं जळण

आउटर हेब्रिडीज या बेटसमूहातलं उत्तरेकडचं बेट, लुईस. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या उलापूलहून बोटीनं पावणेतीन तास. या माळावर सरपणाला म्हणून एक झाड दिसणार नाही. जळण आहे ते पायाखाली.

हा काळा, ओला थर म्हणजे पीट. शेवाळ आणि गवत साचलेल्या पाण्यात मरतं, पण धड कुजत नाही. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो. म्हणजे चरात कमरेइतका उतरलेला हा माणूस हजारेक वर्षं खाली उभा आहे. बेटाचे मालक जेम्स मॅथिसन यांनी १८५७ मध्ये कॅलनिश इथल्या प्राचीन उभ्या शिळांभोवतीचा पीट काढायला लावला, तेव्हा जवळजवळ दीड मीटरचा थर निघाला होता. तोवर त्या शिळा अर्ध्यामुर्ध्याच दिसत होत्या.

एप्रिलअखेर पीटच्या वड्या कापायचं काम सुरू होतं. त्याआधी हात लावला आणि रात्री कडाक्याचं हिव पडलं, तर ओल्या वडीतलं पाणी गोठतं आणि वितळताना वडीचा भुगा होतो. जून उलटून गेला, तर पावसाळी शरद येईपर्यंत वाळत नाही. मधले आठ-नऊ आठवडे, आणि त्यातलेही रविवार वजा. ऊन कितीही चांगलं पडो, इथल्या धार्मिक घरांत रविवारी माळावर कुणी जात नाही.

आधी वरचं गवत मुळांसकट सोलायचं. ही ढेकळं फेकायची नाहीत. गेल्या वर्षीच्या चराच्या तळाशी, हिरवी बाजू वर ठेवून, एकाला एक चिकटवून बसवायची. आळस केला तर तळ उघडा राहतो, पाणी साचतं आणि मेंढ्या त्यात रुततात.

आता हे अवजार पाहा. इथल्या गेलिक भाषेत ‘तारस्केर’. लाकडी दांडा, पाय द्यायला खुंटी आणि खाली काटकोनात वळलेलं पातं. एका दाबात वडीच्या दोन बाजू सुटतात. कापणारा वर, झेलणारा खाली चरात. बघताना वाटतं कापणाऱ्याचंच काम अवघड. तसं नाही. ओल्या वडीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. बोटांनी धरली की तुटते. ती दोन्ही तळव्यांवर घ्यायची आणि आडवी पडेल अशी काठावर फेकायची. पहिल्या थराच्या वड्या सगळ्यात लांब, म्हणजे नंतरच्यांना जागा उरते. वरच्या थरातल्या तपकिरी, तंतुमय. खालच्या काळ्या, घट्ट, आणि जास्त धग देणाऱ्या.

[निवेदन थांबतं. फक्त पात्याचा आणि वड्या पडण्याचा आवाज.]

सरावलेली जोडी दिवसाला हजारेक वड्या काढते. पीटवरच चालणाऱ्या घराला वर्षाला पंधरा ते अठरा हजार लागतात. एका घराच्या हातानं हे होत नाही, म्हणून आज तुमच्या चरावर, उद्या आमच्या. आपल्याकडची इर्जिकच. मजुरी नाही, ज्याचा चर त्याच्या घरचं जेवण.

दोन-तीन आठवड्यांनी वडीला साल धरते. मग मुलं लागतात, कारण हे वाकून करायचं काम आहे. तीन-चार वड्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वर एक आडवी. फटी ठेवायच्याच, वारा आरपार गेला पाहिजे. जमिनीवर तशाच पडून राहिल्या तर खालची बाजू ओली राहते आणि गवत त्यांतून वर येतं. वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे ढग उठतात आणि सगळे चेहरा झाकून घेतात. कॅमेराही इथं तेवढ्यासाठीच थांबला.

वाळलेली वडी आकसते, हलकी होते, दुसरीवर आपटली की कडक वाजते. एकदा नीट वाळली की ती सहजी पाणी शोषत नाही, म्हणून एवढा ढीग उघड्यावर राहू शकतो. आता ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. जुन्या फोटोंत बायकांच्या पाठीवर पीटनं भरलेली टोपली आणि चालता चालता हातात विणकाम. ट्रॉली मात्र बेतानंच भरायची. माळाची वाट मऊ आहे, चाक रुतलं तर सगळं उतरवावं लागतं.

दारापुढे क्रूअख, म्हणजे वड्यांचा ढीग, रचतात. गोवऱ्यांची कलवड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हात ओळखीचा वाटेल. बाहेरची भिंत तिरक्या वड्यांची, पाणी निथळून जावं म्हणून. आत तुकडे कसेही ओतलेले. काढायचं एकाच टोकाकडून.

तेल आणि वीज आल्यावर बरेच चर बंद पडले. पीट काढला की माळ कोरडा होतो आणि त्यात साठलेला कार्बन सुटतो, हेही खरं. २०२४ च्या एप्रिलपासून नव्या घरांत पीटच्या शेगड्यांना बंदी आली, बेटांवरून ओरड झाली आणि वर्षअखेरीस स्कॉटिश सरकारनं माघार घेतली.

हे लुईसवरच्या आर्नोल गावातलं ४२ क्रमांकाचं घर. जाड दगडी भिंती, गवती छप्पर, धुराडं नाही. मधोमध जमिनीवर विस्तव. १९६६ पर्यंत इथं माणसं राहत होती, आता ते जपलेलं घर आहे. रात्री विस्तव विझवत नसत. निखारे एकत्र ओढायचे आणि राखेनं झाकायचे, अगदी दाबून नाही, थोडी हवा राहील इतपत. सकाळी राख सारली की खाली लाल निघतं. त्यावर आधी तपकिरी वडी, ती धरली की काळी.