नाट्यगृहाचा दुसरा टप्पा आणि आपले पैसे

(अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

बठ्ठासले राम राम.

खान्देशात तालुक्याच्या गावी एखादं छोटं नाट्यगृह व्हावं, वहीगायनाला (डफावरच्या आपल्या लोकगायनाला), तमाशाला, अहिराणी नाटकाला हक्काची जागा मिळावी, असा विषय मंडळात निघाला की पहिला प्रश्न येतो, "प्रत्येकी किती काढायचे?" तो प्रश्न जरा बाजूला ठेवू. सरकारी पैसा कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो, ते आधी बघू. आपला पैसा तिथून पुढे लागणार आहे.

इथे अमेरिकेत नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स कार्यक्रमाला अनुदान देतं, इमारत बांधायला देत नाही. आपल्याकडे बरोबर उलटं. जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी, खासदाराचे वर्षाचे 5 कोटी, पालिकेचं बजेट, हे सगळं मुख्यतः बांधकामाकडे जातं. खासदार निधीतून पगार आणि वीजबिल भागवताच येत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या दोन योजना आहेत. टागोर सांस्कृतिक संकुलात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40, पण ते मोठ्या शहराचं काम. आपल्याला उपयोगाची दुसरी, सांस्कृतिक संस्थांना बांधकामासाठी मिळणारं अनुदान. त्यात स्टुडिओ थिएटरही बसतं. महानगरांबाहेर त्याची मर्यादा 25 लाख ठेवलेली आहे आणि संस्थेला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहं आहेत. तेव्हा हजार खुर्च्यांच्या मागे लागू नये. दीडशे-दोनशे माणसांचा, खुर्च्या हलवता येतील असा हॉल आणि बाहेर एक खुला रंगमंच पुरे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो. खुल्या रंगमंचावर रात्री आठनंतर कार्यक्रम लावला की एसीचा प्रश्नच मिटतो.

कागदाचा प्रवास जागेच्या उताऱ्यापासून सुरू होतो. जागा कुणाच्या नावावर, विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण कसलं, हे आधी. मग नकाशा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यादेश. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एवढं सगळं सुरळीत झालं तरी पाणी मुरतं ते अंदाजपत्रकात. ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर बेततात. सिमेंट, सळई, फरशी, रंग यांचे दर तिथे तयार असतात. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र), प्रोफाइल स्पॉट (नेमक्या जागी झोत टाकणारा दिवा), सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा), विंगांचे पडदे यांच्यासाठी मात्र कोटेशनं मागवा, दर ठरवा, वरून मंजुरी आणा, अशी पायपीट असते. मार्च जवळ आलेला असतो. मग ते सगळं "दुसऱ्या टप्प्यात घेऊ" म्हणून बाजूला पडतं. पहिल्या टप्प्याची फीत कापली जाते आणि दुसरा टप्पा फाइलमध्येच राहतो.

अशा हॉलच्या रंगमंचावर चकचकीत टाइल्स असतात. नेपथ्याच्या फ्लॅटच्या, म्हणजे उभ्या चौकटीच्या, टेकूला खिळा मारायला जागा नाही, म्हणून मागे वाळूच्या गोण्या ठेवतात. नाचणारीचा पाय घसरतो तो वेगळाच. समोरासमोरच्या भिंतींना नुसतं प्लॅस्टर असतं. टाळी वाजवा, ती दोन-तीनदा परत येते. नाटकाच्या हॉलमध्ये आवाज विरायला साधारण एक सेकंद लागावा. तो दुप्पट झाला की वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्या वाक्यात मिसळतो, आणि अशा हॉलमध्ये डफ वाजला की गाणाऱ्याचे शब्द गेलेच समजा. रंगमंचामागे ट्रक लागेल असं दार नसतं, म्हणून सेट प्रेक्षकांच्या दारातून आणायचा. यातली निम्मी कामं नकाशावरच, फुकटात दुरुस्त होतात. रंगमंचाला लाकडी फळ्यांची जमीन, तिच्याखाली वाळवीचा बंदोबस्त, ट्रकच्या हौद्याच्या तळाच्या उंचीला लागून 8 फूट रुंद दार, दिवे टांगायच्या लाइट बारसाठी छतात आधीच टाकलेले हूक. म्हणून रंगमंचाची तांत्रिक बाजू जाणणारा माणूस अंदाजपत्रक व्हायच्या आधी लागतो. त्याची फी द्यायला सरकारी कागदात सहसा रकाना नसतो. आपला पहिला पैसा तिथे जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा पैसा चालवण्यासाठी. इमारतीला 2 कोटी लागले असं धरू. देखभालीला वर्षाला 2 टक्के काढले तरी 4 लाख होतात. त्यावर एक चौकीदार, एक लाइटवाला, आणि वीज. मोठा मंजूर भार घेतला तर प्रयोग नसलेल्या महिन्यातही स्थिर आकार येतोच. वर्षात 60 तारखा 5 हजारांनी गेल्या तर हाती 3 लाख. तूट ही अशी पहिल्याच दिवशी दिसते, तेव्हा ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

आता पाठवायचं कसं, ते नीट ऐका. भारताच्या 2010 च्या विदेशी योगदान कायद्यात आपलं मंडळ हा विदेशी स्रोत आहे, सभासद कुणीही असोत. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं ते ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी विदेशी स्रोतच. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ग्रीन कार्डवाले धरून, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र विदेशी धरली जात नाही. म्हणजे एकाच टेबलावर बसलेल्या दोन भावांचे नियम वेगळे. दोघांचे पैसे मंडळाच्या खात्यात एकत्र केले की सगळेच विदेशी झाले.

विदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मूळ कामावर 15 लाख खर्चलेले हवेत. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. 2020 च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने तो दुसरीला देणं बंद आहे, त्यामुळे "पुण्याच्या ओळखीच्या संस्थेकडे पाठवू, ते शहाद्याला देतील" हा मार्ग उरलेला नाही. प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून कुणाचा पगार कोणत्या सदरात दाखवायचा ते संस्थेच्या सीएला आधी विचारून घ्या. नोंदणी नसलेल्या संस्थेला ठराविक देणगीदाराकडून, ठराविक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. तिच्या अर्जाला देणगी देण्याचं आपलं लेखी आश्वासन जोडावं लागतं.

आणि इथल्या चर्चच्या हॉलमधून निघालेले जुने दिवे कंटेनरने पाठवायची सूचना दरवर्षी येते. संस्थेला दिलेली वस्तूही विदेशी योगदानच असते. शिवाय ते दिवे 120 व्होल्टचे, तिथल्या बोर्डात 230 येतात.